पाचवा चौकोन

१

आमच्या गल्लीत सगळ्यांच्या दारात सिमेंटचे रंगीत ठोकळे आहेत. दगडी ड्राइव्हवे फक्त माझा. फाटकापासून पोर्चपर्यंत सादरहळ्ळीच्या पांढुरक्या दगडाच्या लाद्या, प्रत्येकीवर हातानं मारलेले टाकीचे घाव, आणि फाटकाकडे असा उतार की कितीही पाणी ओता, एक थेंब थांबायचा नाही. तो उतार मी काढला आहे. बंगळूरच्या एचएसआर लेआउटात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते तेव्हा हे घर मी बांधलं, स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नकाशावर. सरकारी बांधकाम खात्यातून मी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की मी त्यांना बाहेर नेऊन ड्राइव्हवे दाखवते.

रोज सकाळी मी तो स्वतः झाडते. फाटकापाशी सोनमोहर आहे. रात्रभर गळलेली पिवळी फुलं वेळेवर उचलली नाहीत तर दगडावर तपकिरी डाग धरतात. फुलं उचलायची, पाइपानं पाणी मारायचं, पोर्चच्या पायरीवर बसून कॉफी प्यायची. तोवर माझा थोरला भाऊ खंडोजी उठतो. मी त्याला अण्णा म्हणते. वैनी गेल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. दुपारी जेवण झालं की पोर्चमधल्या वेताच्या आरामखुर्चीत झोपतो, उजवा हात खुर्चीबाहेर सोडून, बोटं जवळजवळ जमिनीला टेकलेली. त्याच हातावर, मनगटाच्या वर, वैनीचं नाव गोंदलेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत हौसेनं गोंदवून घेतलेलं, तीन ठसठशीत अक्षरं.

यंदा पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला. लाद्यांवर शेवाळ चढलं, टायरचे काळे पट्टे उमटले, आणि माझ्या रोजच्या पाण्याला ते दाद देईनात. नेमका त्याच आठवड्यात हणमंतरावांचा फोन आला. ते आमचे साहेब होते. बायकांनी नकाशे काढावेत, साइटवर जाऊ नये, असं एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, माझ्याकडे न बघता. आता ऐंशीच्या पुढे आहेत.

"राजलक्ष्मी, मुलाकडे के. आर. पुरमला आलोय. तुझं घर बघायचं राहिलंय एकदा."

"या की सर," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी या."

फोन ठेवून बाहेर आले आणि लाद्यांकडे पाहिलं. असल्या दारात मी त्यांना उभं करणार नव्हते.

२

फरशी कशी धुवावी याबद्दल प्रत्येकाचं मत असतं. शेजारच्या घरात मुग्धा भाड्यानं राहते. पुण्याची मुलगी, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. कुंपणावरून तिनं लगेच निकाल दिला.

"काकू, सिंपल आहे. प्रेशर वॉशर. माझ्याकडे आहे, तुम्ही घेऊन जा. अर्ध्या तासात डन."

चिकपेटच्या बाजारात ज्या दुकानातून मी घराच्या कड्या-बिजागऱ्या घेतल्या होत्या, त्या दुकानदाराचा सल्ला वेगळा. "अक्का, स्वल्प अ‍ॅसिड टाका, सगळं सरी होतं, एकदम बरोबर."

"अ‍ॅसिड दगड खातं," मी म्हटलं. "मला डाग काढायचेत, दगड नाही." तेव्हा त्यानं नुसता ब्लीचिंगचा डबा आणि एक हिरवट द्रव दिला, त्यावर परदेशी नाव होतं.

सल्ले ऐकून काम करणारी मी नव्हे. मी खडूनं फाटकाजवळ चार चौकोन आखले, सारख्या मापाचे, शेजारी शेजारी. पहिल्यात धुण्याची पावडर आणि काथ्याचा ब्रश. दुसऱ्यात ब्लीचिंग. तिसऱ्यात चिकपेटचा हिरवा द्रव. चौथ्यात मुग्धाचं यंत्र. चारही एकाच सकाळी, एकाच मेहनतीनं. वाळू द्यायचे, दुपारनंतर उन्हात बघायचे आणि जो चौकोन जिंकेल त्या पद्धतीनं अख्खा ड्राइव्हवे करायचा.

अण्णा पोर्चमधून बघत होता. "राजी, फरशी धुतेस का तिची परीक्षा घेतेस?"

"परीक्षाच घेते," मी म्हटलं. "नापास झालेलं काही माझ्या दारात राहणार नाही."

तो हसला. जेवलो. तो खुर्चीत आडवा झाला, मी आत.

३

दुपारच्या वेळी आमचा लेआउट अगदी सुनसान होतो. कुरिअरवाले येऊन गेलेले असतात, शाळेच्या गाड्या यायच्या असतात. मी उठले, चहाचं आधण ठेवलं आणि निकाल बघायला बाहेर आले.

पावडरचा चौकोन बरा होता. ब्लीचिंगनं शेवाळ गेलं होतं पण दगड फिक्कट, आजारी दिसत होता. हिरव्या द्रवानं काहीच केलं नव्हतं. यंत्राचा चौकोन चांगला होता, फक्त कडेला पाण्याच्या धारेचे चट्टे.

त्याच्या पुढे पाचवा चौकोन होता.

खडूची रेघ नव्हती, तरी चौकोनच. मापही माझंच. आणि तो इतका स्वच्छ होता की बाकीचे चार त्याच्यापुढे मळके वाटले. खाणीतून आणलेला दगडसुद्धा इतका पांढरा नसतो. मी गुडघ्यावर बसून हात फिरवला. दगड ओलसर होता आणि कोमट. ऊन होतं, कोमट असणारच, मी स्वतःला सांगितलं. पण शेजारचा दगड चटका देत होता.

मग बोटांना आणखी एक गोष्ट कळली. टाकीचे घाव नव्हते. माझ्या लाद्यांवर टाकी आहे ती पाय घसरू नये म्हणून; मी उभी राहून मारून घेतलेली. त्या चौकोनात तळहाताला एकही घाव लागत नव्हता. गुळगुळीत म्हणावं तर तसंही नाही. अगदी बारीक, एका दिशेनं गेलेले फराटे होते. फाटकाकडून घराकडे.

खरं सांगते, मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. राग आला. माझ्या दारात येऊन, माझ्यापेक्षा चांगलं काम कुणी केलं?

४

मुग्धाला विचारलं.

"मी? काकू, मला स्वतःची कॉफी करायला वेळ नाहीये." मग तिला आठवलं. "पण तुम्ही घासत होता ना दुपारी? मी कॉलवर होते. मला वाटलं, काकू लागल्या कामाला."

"कसा आवाज होता?"

"स्लो. खर्र... मग गॅप. मग परत खर्र." तिला हसू आलं. "क्लायंट विचारत होता, तुझ्याजवळ एखादं मोठं जनावर पाणी पितंय का."

मी इंजिनिअर आहे. कारण असतंच असं मानून चालते. ब्लीचिंग आणि तो हिरवा द्रव उतारावरून वाहत एकत्र आले असतील, काही रासायनिक झालं असेल. पण उतार फाटकाकडे होता आणि पाचवा चौकोन घराच्या बाजूला. माझ्या उतारावर पाणी वर चढत नाही. ती शंका मी तिथंच सोडली, कारण तिच्यासाठी मला माझ्या उतारावर अविश्वास दाखवावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी गाडी मुद्दाम त्या चौकोनाच्या पुढच्या लादीवर उभी केली. कुणी येऊन घासत असेल तर गाडी आड येईल, हा हिशेब. दुपारी आत पडून राहिले पण कान बाहेर. काही ऐकू आलं नाही. किंवा आलं आणि मी ते पंख्याचं समजले.

चहाच्या वेळी बाहेर आले तर गाडीखालची लादी पांढरीशुभ्र. पुढचं डावं टायर जमिनीला लागलेल्या बाजूनं सपाट झालं होतं. हवा होती. नक्षी नव्हती. रबरावर खाचा, कंपनीचं नाव, आकडे काही उरलेलं नव्हतं, आणि तेवढ्या भागाला रबराचा वाससुद्धा येत नव्हता. मी नाक जवळ नेऊन पाहिलं.

त्या दिवशी मला समजायला हवं होतं की जे काही हे करत होतं त्याला मळ आणि खूण यांतला फरक कळत नाही. पण मी मागे उभी राहून सगळा ड्राइव्हवे पाहिला. फाटकापासून पांढरा पट्टा पुढे सरकत होता, आणि तो सुंदर दिसत होता. रविवारपर्यंत पोर्चला पोचेल, असं माझ्या मनात आलं. हणमंतराव फाटकातून आत येतील आणि त्यांचे डोळे दिपतील.

मी प्रेशर वॉशर पुसून मुग्धाला परत दिला.

"मग काय सिलेक्ट केलं, काकू?"

"आपोआप होतंय," मी म्हटलं. ते वाक्य मला तेव्हा मोठ्या झोकात बोलल्यासारखं वाटलं होतं.

५

शुक्रवारी पट्टा पोर्चच्या पायरीला लागला.

मी आत चपातीची कणीक मळत होते. अण्णा नेहमीसारखा खुर्चीत. थोड्या वेळानं त्याच्या हसण्याचा आवाज आला, झोपेत गुदगुल्या झाल्यावर लहान मूल हसतं तसा. मी हात धुतले आणि बाहेर आले.

तो जागा होत होता. खुर्चीखालची लाल फरशी ओली होती. हात अजून लोंबत होता, बोटं जमिनीला टेकलेली.

"काय छान झोप लागली गं," तो म्हणाला आणि हात वर घेऊन आळस दिला.

त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गोरा झाला होता. अण्णा सावळा आहे, आम्ही सगळेच. सुरकुत्या नव्हत्या. केस नव्हते. मी त्याचा तळवा उलटा केला, त्यावर एकही रेषा नव्हती. आणि मनगटाच्या वर, जिथं तीन अक्षरं होती, तिथं तान्ह्या मुलाच्या गालासारखी कातडी.

"अण्णा, गोंदण कुठं गेलं?"

"कसलं गोंदण?"

"वैनीचं नाव."

 मी त्याची थट्टा करते आहे का, हे त्याला ठरवता येत नव्हतं. "कोण वैनी?"

मी नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट. त्यानं ते ऐकलं, मनात फिरवून पाहिलं आणि मान हलवली, अनोळखी पत्ता विचारणाऱ्याला नाही म्हणावं तशी. मी त्याला हात धरून आत नेलं आणि भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोसमोर उभं केलं. स्वतःला त्यानं ओळखलं. फेट्याचा रंगही सांगितला. शेजारच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या कोण? चेहरा चांगला आहे."

त्याला दुःख काहीच नव्हतं. वैनी गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर जो एक ओढलेपणा असायचा, तो साफ गेला होता. तो मला दहा वर्षांनी तरुण दिसला. रात्री जेवताना दोन चपात्या जास्त खाल्ल्या त्यानं.

 मी त्याचा पलंग वरच्या खोलीत हलवला आणि पोर्चमधली खुर्ची उचलून आत ठेवली.

६

शनिवारी दुपारी मी पायरीवर बसले. अण्णा वर झोपला होता, त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. चपला काढल्या होत्या. कामाला बसताना मी कायम अनवाणी बसते. समोर माझा ड्राइव्हवे, फाटकापासून पायरीपर्यंत एकसारखा पांढरा, उन्हात बघवत नव्हता. फक्त उजव्या कडेला, पायरीवरच्या कुंडीजवळ, एक कोपरा मळका राहिला होता आणि त्यावर सोनमोहराचं एक फूल वाऱ्यानं येऊन पडलं होतं.

शेजारी मुग्धाचा कॉल चालला होता, खिडकीतून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. दूर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग आवाज आला.

खर्र.

इतका हळू, इतका जवळ. मी फुलाकडे बघत होते. ओल्या कडेची एक रेघ त्याच्यापर्यंत आली. फूल उलटं झालं. आधी पिवळा रंग गेला. मग पाकळीवरच्या शिरा गेल्या. थोडा वेळ फुलाच्या आकाराचं काहीतरी पांढरं तिथं होतं, आणि पुढच्या फराट्यात तेही नव्हतं.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशी त्या जागेवर थरथरत होती. त्या थरथरण्यात मला एक पाठ दिसली. वाकलेली, रुंद, खालच्या कामात पूर्ण बुडालेली पाठ. डोकं दिसलं नाही. ते खाली होतं, दगडाला लागून. मी आयुष्यभर गवंडी पाहिले, बिगारी पाहिले, स्वतःला पाहिलं आहे आरशात वाकून काम करताना. ती पाठ कामाची होती. तिच्यात राग नव्हता, माझ्याबद्दल काही नव्हतं. तिला फक्त संपवायचं होतं.

मग थरथर माझ्याकडे वळली. तेव्हाच पाय ओढून घ्यायला हवे होते. मी हलले नाही. माझ्या पायरीवरून मला कुणी उठवावं, हे मला पटेना.

डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. गरम, खरखरीत, फार मायेचं. आई न्हाऊ घालताना कानामागे घासायची तसं. मला डोळे मिटावेसे वाटले. आणखी थोडं राहावं असं वाटलं. ते वाटलं म्हणूनच मी घाबरले, आणि पाय झटकून उठताना माझा धक्का लागून कुंडी पायरीवरून खाली पडली. फुटली. काळी माती पांढऱ्या दगडावर पसरली.

आवाज थांबला. ओली रेघ माझ्या पायापासून मागे फिरली आणि मातीकडे गेली. खर्र. मग थोडं थांबून, खर्र.

त्याला माझ्यापेक्षा माती जास्त मळकी वाटली होती.

७

त्या संध्याकाळी मी पद्धत निवडली.

नाक्यावरच्या गॅरेजमधून वापरलेलं इंजिन ऑइल आणलं. रिकाम्या प्लॉटमधली लाल माती घमेल्यांनी वाहिली. गोठेवाल्याकडून शेण घेतलं, ते पाण्यात कालवून लाद्यांवर ओतलं. ऑइल फाटकापाशी, कारण ते काढायला वेळ लागतो, माती मध्ये, शेण पायरीजवळ. थर सारखे येतील असं खराट्यानं ओढून घेतलं. काम करायचं तर नीट करायचं. अंधार पडेपर्यंत ड्राइव्हवेचा एक वीतभर दगड दिसत नव्हता.

मुग्धा कुंपणाशी येऊन उभी राहिली. नाकावर ओढणी.

"काकू, आर यू ओके? म्हणजे... कुणाला फोन करू का?"

"मला बरं आहे. तू दुपारी तुझ्या दारात अनवाणी उतरू नकोस."

"का पण?"

"मी सांगते म्हणून."

रविवारी हणमंतराव आले. मुलानं गाडी बाहेरच उभी केली. म्हातारा फाटकात थबकला, काठीनं चिखल टोचून पाहिला, पॅन्ट घोट्यावर धरली आणि एक एक पाऊल टाकत पायरीपर्यंत आला. त्यांच्या बुटांची वाट लागली. खात्यात सगळ्यांना माझ्या घराची कीर्ती ठाऊक होती. बघायला आले होते ते तीच.

"राजलक्ष्मी," ते म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"उत्तम आहे सर."

"मग हे काय? कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

आठ दिवसांपूर्वी हे वाक्य ऐकून मी जमिनीत गेले असते. त्या दिवशी मी चिखलात ताठ उभी होते आणि माझ्या पाठीमागे वरच्या खिडकीतून अण्णा साहेबांना नमस्कार करत होता, पांढऱ्या हातानं.

"सर, ही साइट आहे," मी म्हटलं. "चालू काम आहे. माझ्या देखरेखीखाली."

 मग काय वाटलं कोण जाणे, काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही हात जोडले. चहा न घेताच गेले.

८

तेव्हापासून रोज हेच. दुपारभर ते चाटतं, संध्याकाळी मी थर देते. रहिवासी असोसिएशनकडून दोनदा माणसं येऊन गेली. गल्लीतले लोक फाटकासमोरून जाताना पलीकडच्या बाजूनं जातात. जाऊ देत. अजून उंबऱ्याच्या आत ते आलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे आलेलं नाही. सगळ्या बंगळूरात असं दार दुसऱ्या कुणाला सांभाळता आलं असतं असं मला वाटत नाही.

गमबूट घालून पाहिले. शेणावर घसरायला होतं. अनवाणीच बरं पडतं. अण्णा कधी कधी माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघून म्हणतो, "राजी, तिथं तुला विळीचा केवढा घाव होता गं, मीच तुला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे पळालो होतो." मला तसं काही आठवत नाही. अंगठा छान दिसतो.

दुपारी, खाली आवाज सुरू असताना, मी वर त्याच्यापाशी बसते आणि वैनीबद्दल सांगते. रोज नव्यानं. कसे त्यांचे हात सतत हळदीचे असायचे, कशा त्या मला साइटवर डबा घेऊन यायच्या आणि बिगारी बायकांत बसून जेवायच्या, कसं अण्णाशी भांडण झालं की त्या कन्नडमध्ये बोलायला लागायच्या. अण्णा मन लावून ऐकतो, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तशी.

आज त्याला फारच आवडली. उशीला टेकून बसला आणि म्हणाला, "भारी बाई होती गं. नाव काय म्हणालीस तिचं?"

मी तोंड उघडलं.

तीन अक्षरं होती. एवढं पक्कं आहे. पहिलं अक्षर जिभेवर आल्यासारखं झालं आणि पुढे काही नव्हतं, दगडावरून हात फिरावा तसं. मी फोटोकडे पाहिलं. पिवळा शालू, मोठं कुंकू. चेहरा चांगला आहे.

"सांग की," अण्णा म्हणाला.

खाली आवाज थांबला होता. एरवी इतक्या लवकर थांबत नाही. म्हणजे कालचा थर संपला होता.

"सांगते," मी म्हटलं, "आधी हातातलं काम उरकून येते." पदर खोचला, घमेलं उचललं आणि जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात माझं लक्ष पायांकडे गेलं. दोन्ही घोट्यांपर्यंत गोरे, एक भेग नाही, एक शीर नाही. इतके स्वच्छ पाय अख्ख्या लेआउटात कुणाचे नसतील.